कोळसा तापवताना गंधक आणि नायट्रोजनचा माग कसा काढावा

प्रयोगशाळेत नवे आलेले विद्यार्थी नळी-भट्टीत कोळसा तापवतात, हायड्रोजन सल्फाइड मोजतात आणि म्हणतात, "एवढं गंधक गेलं, बाकीचं जसंच्या तसं राहिलं." मी त्यांना तिथेच थांबवते. जे बाहेर पडलं नाही तेही आतल्या आत बदललेलं असतं आणि खरी गोष्ट तिथेच आहे.

नळी क्वार्ट्झची घ्या. तापलेलं पोलाद गंधक धरून ठेवतं, शिवाय अमोनियाचं विघटन करतं. वायू आर्गॉन वापरा. नायट्रोजन वाहवलात, तर कोळशातून निघणारा नायट्रोजन वायू दिसणार कसा? आर्गॉनमध्ये ऑक्सिजनचा अंशही नको, नाहीतर सल्फर डायऑक्साइड वाढलेला दिसेल. तापमान मिनिटाला १० अंश सेल्सियस या गतीने ९०० पर्यंत न्या, पण नमुने ४००, ६०० आणि ९०० अंशांवर थांबवून वेगवेगळे काढा.

कार्बनच्या साखळीला जोडलेलं गंधक, म्हणजे मर्कॅप्टन आणि सल्फाइड ही संयुगं, ५०० अंशांच्या आत बरंचसं सुटतं. पायराइट, म्हणजे कोळशातलं लोह-गंधकाचं खनिज, साधारण ५०० ते ६०० च्या टप्प्यात फुटतो: सुमारे अर्धं गंधक सोडतो, उरलेलं लोहाशी बांधलेलं राहतं. थायोफीनच्या कड्या, म्हणजे गंधकाचा अणू असलेली कार्बनची वलयं, ९०० लाही टिकून असतात. आता नीट लक्ष द्या. पायराइटने सोडलेलं गंधक बाहेर पडण्याआधी आजूबाजूच्या कार्बनला भेटतं आणि नव्या थायोफीन कड्यांत अडकतं. वायूच्या आलेखावर यातलं काहीच दिसत नाही.

ते पकडण्यासाठी उरलेला कोळसा विरल हायड्रोक्लोरिक आम्लात टाका, अर्थात फ्यूम हूडमध्येच, म्हणजे विषारी वायू ओढून घेणाऱ्या कपाटात. लोह सल्फाइड आणि कॅल्शियम सल्फाइड विरघळून हायड्रोजन सल्फाइड देतात, पायराइट मात्र विरघळत नाही. त्याला नायट्रिक आम्ल लागतं. या दोन्हींनंतर उरतं ते सेंद्रिय गंधक. हायड्रोजन सल्फाइडच्या वासावर कधीही विसंबू नका. १०० पीपीएमच्या पुढे नाकच बधिर होतं.

नायट्रोजन अधिक हट्टी. तो बहुतेक कड्यांमध्येच असतो आणि तापल्यावर पाच बाजूंच्या पायरोल कडीतून सहा बाजूंच्या पिरिडिन कडीत, पुढे ग्राफाइटसारख्या जाळीत जातो. एक्सपीएसमध्ये, म्हणजे क्ष-किरणांनी अणूंची बांधणी ओळखणाऱ्या तपासणीत, या तिघांची शिखरं अनुक्रमे साधारण ४००.४, ३९८.७ आणि ४०१.४ इलेक्ट्रॉन व्होल्टला दिसतात. वायूत अमोनिया आणि हायड्रोजन सायनाइड येतात. अमोनिया विरल सल्फ्युरिक आम्लात धरा, सायनाइड सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये. गंधक त्या दुसऱ्या बाटलीतही उतरतं आणि सायनाइडची मोजणी बिघडवतं, म्हणून गंधकासाठी झिंक ॲसिटेटची वेगळी फेरी करा. सायनाइडच्या बाटलीत आम्लाचा थेंबही जाता कामा नये. निघणारा वायू जीवघेणा आहे.

हिशेब नेहमी मूळ कोळशाच्या वजनावर करा. १०० ग्रॅम कोळशात १ ग्रॅम गंधक होतं, तापवून ७० ग्रॅम उरला आणि त्यात गंधक १.१ टक्के भरलं, तर टक्केवारी वाढलेली दिसते. प्रत्यक्षात ०.७७ ग्रॅमच उरलेलं असतं.

उरलेला कोळसा, डांबर आणि वायू यांची बेरीज मूळ आकड्यापेक्षा बरीच कमी भरली, तर आधी भट्टीबाहेरची थंड नळी बघा. तिथे डांबर आणि अमोनियम क्षार साचतात. ती नळी तापवून ठेवा, डांबर टेट्राहायड्रोफ्युरानने धुऊन काढा आणि त्यातलं गंधक व नायट्रोजनही मोजा.