हिवाळ्यात छोट्या बोटीने गरवायला जाताय? बडोदेकरांनो, आमच्या या चुका टाळा

बडोद्यात पाणी म्हणजे सूरसागर नाहीतर विश्वामित्री, आणि विश्वामित्रीत मगरी, त्यामुळे गळ टाकून बसायचा विषयच संपला. तरी आम्ही तिघा मित्रांनी मिळून एक 16 फुटी फायबरची होडी घेतली, जुनी, त्यावर 8 हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आऊटबोर्ड इंजिन, आणि ती ठेवलीय डहाणूकडे बायकोच्या मामांच्या अंगणात. थंडीत महिन्यातून एखादा शनिवार-रविवार मिळतो, इंजिन गाडीत टाकायचं आणि भरूच-सुरत-वापी करत निघायचं.

लोक विचारतात एवढ्या लांब कशाला, कावी-कंबोई जवळ आहे की. अहो, ते स्तंभेश्वराचं देऊळ बघितलंय ना, भरतीला अख्खं पाण्यात जातं आणि ओहोटीला परत वर येतं, ते दर्शनाला ठीक आहे पण तेच पाणी छोट्या बोटीसाठी म्हणजे मरण आहे. खंभातच्या आखातात उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला, भरती-ओहोटीचा फरक 10 मीटरच्या आसपास जातो, म्हणजे तीन मजली घर, ते पाणी आत येताना आणि बाहेर जाताना नदीसारखं धावतं, आणि खाली सगळा चिखल. तिथे हौशी माणसाने जाऊ नये, एवढं बोलून पुढे जातो.

सगळ्यात मोठी चूक: रजा बघून समुद्रात जाणं

आम्ही पहिल्यांदा गेलो तो शनिवार पौर्णिमेचा. शुक्रवारी रात्री पोचलो, चारचा अलार्म लावला, पाचला टॉर्च घेऊन खाडीवर हजर, आणि होडी चिखलात तिरकी पडलेली, पाणी शंभर पावलं लांब. मामा मागून चहा घेऊन आले आणि म्हणाले, "जावईबापू, पंचांग बघून निघालात की नुसतं घड्याळ बघून?"

तर हा हिशोब मामांनी शिकवला, कोकणात सगळ्यांना पाठ असतो, आपल्याला नसतो. तिथीचा आकडा घ्या आणि पाऊणपट करा, तो साधारण भरतीचा टाइम. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे पहाटे सहा आणि संध्याकाळी परत सहाच्या पुढेमागे. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. हा हिशोब मुंबई आणि खालच्या कोकणाचा, डहाणूकडे त्यात थोडा उशीर धरायचा, आणि वर आखातात गेलात तर हा हिशोब पार मोडतो, तिथे भरती मुंबईच्या कित्येक तास मागून येते. म्हणून मोबाईलवर मुंबईचं टाइड टेबल उघडून भलत्याच ठिकाणी वापरू नका, ही पण एक चूक आहे आणि ती आम्ही केलीय. रोज भरती साधारण पाऊण तास ते पन्नास मिनिटं पुढे सरकते, हे लक्षात ठेवलं तरी निम्मं काम होतं.

आता यातून काय निघतं बघा. पौर्णिमेला डहाणूकडे भरती दुपारी बाराच्या सुमाराला, म्हणजे पहाटे सहाला पूर्ण ओहोटी, होडी निघणारच नाही. दुपारी निघालात तर परत येताना पाणी उतरत असतं, खाडीतून बाहेर जोरात चाललेलं, आणि त्याच वेळी दुपारचं खारं वारं समुद्रावरून आत येतं. पाणी एकीकडे, वारा त्याच्या विरुद्ध, मग खाडीच्या तोंडाशी लाटा उभ्या राहतात, आखूड आणि उंच, सोळा फुटी होडीला नको तशा. बाहेर समुद्र शांत होता आणि तोंडाशीच असं कसं झालं असं आम्ही एकमेकांना विचारत होतो, तर हे असं.

अष्टमी-नवमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीचा फरक सगळ्यात कमी. पाण्याला ओढ कमी, सकाळी सहा-सातला भरती, ओहोटीबरोबर आरामात बाहेर, दिवसभर नांगर टाकून गरवायचं, आणि दुपारी तीन-चारनंतर चढत्या पाण्याबरोबर घरी, वारा पण पाठीशी. ओढ कमी असल्यामुळे शिसं पण हलकं चालतं, नाहीतर उधाणात शंभर ग्रॅमचं शिसं टाकलं तरी तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) तिरका जाऊन कुठल्यातरी खडकात अडकतो. आता आम्ही आधी कॅलेंडरमधली अष्टमी बघतो, मग ऑफिसात रजा मागतो. अष्टमी बुधवारी आली तर त्या पंधरवड्यात जायचंच नाही, घरात बसून रील साफ करायचे.

सकाळचा गुळगुळीत समुद्र

थंडीत पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वारा वाहतो, मतलई वारं. किनाऱ्याजवळ पाणी तेल ओतल्यासारखं दिसतं, कारण तिथे वाऱ्याला लाट उठवायला जागाच मिळालेली नसते. दोन-तीन किलोमीटर बाहेर गेलं की खरं काय ते कळतं. आणि इंजिन बंद पडलं तर हे वारं तुम्हाला घरापासून लांब नेतं, जवळ नाही. त्यामुळे किनाऱ्यावर उभं राहून "आज तर एकदम मस्त आहे" असं ठरवू नका. झाडांचे शेंडे बघा, हलत असतील तर बाहेर लाट आहे.

इंजिन बंद पडलं, आता?

या विषयावर जरा सविस्तर लिहितो कारण आमचे तीन तास यात गेलेत.

दुसऱ्या ट्रिपला साधारण दहा मिनिटं इंजिन मस्त चाललं, मग खोकल्यासारखं करून बंद. दोरी ओढली, चालू झालं, अर्ध्या मिनिटात परत बंद. मग सुरू झाला तमाशा. एकाने चोक ओढला, दुसऱ्याने प्लग काढला, पुसला, परत लावला, दोरी ओढून ओढून हाताला फोड आले, एवढं पेट्रोल आत गेलं की प्लग चिंब. आणि तोपर्यंत मतलईने आम्हाला एवढं बाहेर नेलेलं की किनाऱ्यावरची सुरूची झाडं एक काळी रेघ झाली होती. नांगर टाकला तर तळालाच लागेना, दोर होता 15 मीटर.

शेवटी मामांच्या ओळखीचे एक नाखवा जाळी घेऊन परत येत होते, त्यांनी दोर टाकला. त्यांनी आमच्या टाकीकडे एकदा बघितलं, पेट्रोलच्या पाइपावरचा रबरी फुगा चपटा झाला होता तो बोटाने दाबला, आणि टाकीच्या झाकणावरचा छोटा स्क्रू अर्धा आटा फिरवला. फुस्स. झालं, इंजिन चालू. तो हवेचा स्क्रू आम्हीच बडोद्यात बंद केला होता, गाडीत पेट्रोलचा वास येतो म्हणून.

तर क्रम असा ठेवा. इंजिन चालूच होत नसेल तर आधी लाल दोरीची किल-स्विचची (इंजिन झटकन बंद करायच्या बटणाची) क्लिप जागेवर आहे का बघा, हसू नका, निम्म्या वेळा तेच असतं. मग टाकीचा हवेचा स्क्रू. मग फुगा दाबा, घट्ट झाला पाहिजे, चपटा राहिला तर हवा मिळत नाहीये, नुसताच मऊ राहिला तर पाइप कुठेतरी हवा ओढतोय. हे सगळं ठीक असेल तरच प्लगला हात लावा. प्लग ओला असेल तर चोक परत आत ढकला, प्लग बाहेर, पाचसहा वेळा दोरी ओढून आतलं पेट्रोल उडू द्या, पुसून लावा. पण पेट्रोलची वाफ उडत असते म्हणून त्या वेळी काढलेल्या प्लगची वायर उघडी ठेवू नका आणि बिडी-सिगारेट तर नकोच.

इंजिन चालतंय पण होडी जात नाही, तर पंख्यात प्लास्टिकची पिशवी किंवा जाळ्याचा तुकडा असणार. आधी इंजिन बंद, क्लिप काढून खिशात, मग हात घाला. काही छोट्या इंजिनांत पंख्याला एक पिन असते, दगडाला किंवा डोल जाळ्याच्या खुंटाला लागला की ती मुद्दाम तुटते, म्हणजे गिअर वाचतो. दोन जादा पिना आणि पक्कड होडीतच ठेवा, गाडीत ठेवून उपयोग नाही. आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची मागून जी पिचकारी पडते तिच्यावर सतत लक्ष ठेवा, ती बारीक झाली की लगेच थांबायचं, चिखल किंवा पिशवी अडकलेली असते. तसंच रेटलं तर इंजिन भाजतं आणि मग नाखवा पण काही करू शकत नाही.

पेट्रोलचं पण ऐका. पावसाळ्याआधीचं टाकीत उरलेलं पेट्रोल थंडीत वापरायचं नाही, आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी खेचतं आणि कार्बोरेटरचं बारीक भोक चिकट होऊन बसतं. आमच्या टू-स्ट्रोकला 10 लिटरला 200 मिली ऑइल, बहुतेकांचं 50 ला 1 असंच असतं, पण आपलं मॅन्युअल बघा. आणि टाकीचे तीन भाग धरा, एक जायला, एक यायला, एक हात न लावायचा. तो तिसरा भाग बघून "अजून अर्धा तास पुढे जाऊ" म्हणणारा मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. आमच्यात तर त्याचा तकियाकलामच आहे, "थई जशे यार", होऊन जाईल रे. त्याला होडीत मधल्या फळीवर बसवतो, इंजिनापासून लांब.

नांगर

पाणी 8 मीटर असेल तर दोर निदान 40 मीटर हवा, आणि नांगराजवळ दीड-दोन मीटर साखळी. नांगर नेहमी नाळेवरून, म्हणजे पुढून. मागून कधीच नाही, मागे आधीच इंजिनाचं आणि माणसाचं वजन असतं, एक लाट आली की पाणी थेट आत. खडकात नांगर अडकतो म्हणून मामांची युक्ती अशी: साखळी नांगराच्या डोक्याला न बांधता बुडाला बांधायची, आणि डोक्याशी ती फक्त सुतळीने आवळायची. अडकला की जोरात ओढा, सुतळी तुटते आणि नांगर उलटा होऊन निघून येतो. आमचे आधी दोन नांगर समुद्रात राहिलेत, ही युक्ती कळल्यावर एकही नाही.

ढील

बडोद्याच्या माणसाला ढील शिकवायची म्हणजे काय, उत्तरायणला गच्चीवर आपण दुसरं काय करतो. पण हातात रॉड आला की सगळे विसरतात, ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, आवळून ठेवतात आणि सुरमईने पहिली धाव घेतली की फट्. लाइनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश एवढाच ड्रॅग ठेवायचा. घरी सामान तोलायचा तो हुकाचा काटा असतो ना, त्याला लाइन बांधून ओढून बघा, 30 पाउंडाच्या लाइनला साधारण चार किलोवर रीलने सोडायला सुरुवात केली पाहिजे. आणि सुरमईसाठी गरीच्या आधी वीतभर तार लावाच, तिचे दात म्हणजे कात्री, नुसत्या तंगूसवर लागली तर गरीसकट जाते.

वर आलेला मासा

शिंगाळा लागला की नवीन माणूस खूश होऊन मुठीत धरतो. त्याच्या पाठीवर एक आणि बाजूच्या परांना दोन असे काटे असतात, विषारी, हात कोपरापर्यंत ठणकतो. पकडीने धरा, नाहीतर होडीबाहेरच गरी कापून टाका. लागलाच काटा तर सोसेल एवढ्या गरम पाण्यात अर्धा तास तरी हात बुडवायचा, ते विष उष्णतेने मंदावतं. थर्मासमध्ये चहाबरोबर एक नुसत्या गरम पाण्याचा पण न्या, आणि मग डॉक्टरला दाखवा, काट्याचा तुकडा आत राहू शकतो. पाकटाच्या शेपटीचंही तेच. कासव जाळ्या-गरीत आलं तर सोडायचंच, थंडीतच ती कोकणच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात.

"थंडीत वादळ येत नाही"

येतं. 2017 मध्ये ओखी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात थेट दक्षिण गुजरातच्या दिशेने आलं होतं, नशिबाने किनाऱ्याजवळ येता येता ढिलं पडलं. हवामान खात्याचा आणि इन्कॉईसचा (समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था) लाटांचा अंदाज आदल्या रात्री बघा आणि सकाळी निघताना परत बघा. लाइफ जॅकेट अंगात घालायचं असतं, आमच्याकडे पहिलं वर्षभर ते बसायला उशी म्हणून होतं. फोन वॉटरप्रूफ पाउचमध्ये, त्यात कोस्ट गार्डचा 1554 आणि सागरी पोलिसांचा 1093 सेव्ह करून. पण बाहेर गेलं की रेंज जाते, म्हणून किनाऱ्यावर एका माणसाला कुठे जाणार आणि किती वाजता परत येणार हे सांगून निघा. आमच्या मामी दारावरच्या पाटीवर खडूने लिहून ठेवतात, "जावई, 5 वाजता". आधार कार्ड पण ठेवा, तपासणी होते. सहाच्या सुमाराला अंधार पडतो आणि जाळ्यांचे बोये दिसत नाहीत, त्यामुळे पाच म्हणजे पाच.

आणि बर्फ

जेवढा मासा तेवढाच बर्फ, वजनाने, आणि मासा पकडल्या पकडल्या बर्फात, घरी निघताना नाही. बांगडा, सुरमई असले मासे दोन-तीन तास उन्हात राहिले की त्यांत असं काही तयार होतं की खाल्ल्यावर अंगाला खाज सुटते, तोंड लाल होतं, आणि ते कितीही तळलं तरी जात नाही. पहिल्या वर्षी आम्हाला दोन छान सुरमया मिळाल्या होत्या, थंडी आहे, काय होतंय, म्हणून बर्फाची एकच लादी घेतली, ती पण लहान. वापीला ट्रॅफिकमध्ये दीड तास अडकलो आणि भरूचला डिकी उघडली तेव्हाच कळलं. घरी फोन करून वाटण करायला सांगितलं होतं. रात्री साडेदहाला सेव-उसळ खाऊन घरी गेलो.