बर्गर प्रेसने एकसारख्या पॅटी करताना या चुका टाळा

बर्गर प्रेसची रचना अगदी साधी असते. खाली गोल साचा, वर मूठ असलेला दट्ट्या आणि काही प्रेसमध्ये जाडी कमीजास्त करण्यासाठी फिरवायची चकती, एवढेच तिचे भाग. त्यामुळे मिश्रण साच्यात टाकून दाबले की काम झाले, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात मात्र एक पॅटी दट्ट्याला चिकटून वर येते, दुसरीच्या कडांना भेगा पडतात, तिसरी तव्यावर जाताच मध्ये फुगते, आणि दोन-तीन वेळा असे घडले की प्रेस फडताळाच्या मागच्या कप्प्यात जाऊन पडते. यात दोष बहुधा प्रेसचा नसतो. प्रेस केवळ व्यास पक्का करते. जाडी ठरते ती साच्यात टाकलेल्या मिश्रणाच्या वजनावरून आणि पोत ठरतो तो आपण किती जोर लावला त्यावरून. पुढील बहुतेक चुका या तिन्हींची गल्लत केल्यामुळेच होतात.

गोळा अंदाजाने घेणे

पॅटी एकसारख्या व्हाव्यात म्हणून प्रेस आणायची आणि मिश्रण मात्र मुठीच्या अंदाजाने भरायचे, ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. साधा हिशोब करून पाहावा. साच्याचा व्यास ११.५ सेंटीमीटर असेल, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे १०४ चौरस सेंटीमीटर भरते. खिम्याची घनता पाण्याच्या जवळपास असल्यामुळे १०० ग्रॅम खिम्याची पॅटी साधारण १ सेंटीमीटर जाड होते आणि १५० ग्रॅमची जवळजवळ दीड सेंटीमीटर. म्हणजेच गोळ्यात २० ग्रॅमचा फरक पडला, की जाडीत सुमारे २ मिलीमीटरचा फरक पडतो. हा फरक डोळ्यांना फारसा जाणवत नाही, पण शिजण्यावर त्याचा मोठा परिणाम होतो. कारण उष्णता बाहेरून आत हळूहळू जात असते आणि जाडी थोडी जरी वाढली, तरी मध्यभाग शिजायला लागणारा वेळ त्या मानाने बराच जास्त वाढतो. एकाच वेळी तव्यावर टाकलेल्या चार पॅटींपैकी एक कोरडी पडते आणि एक आतून कच्ची राहते, ती यामुळेच.

म्हणून माझा आग्रह असा, की प्रेसइतकेच महत्त्व वजनकाट्याला द्यावे. दाबायला सुरुवात करण्यापूर्वी सर्व गोळे मोजून एका ताटात मांडून ठेवावेत. जाडी ठरवणारी चकती असलेल्या प्रेसमध्येही वजन करण्यापासून सुटका होत नाही, कारण चकती फक्त दट्ट्या कुठे थांबेल हे ठरवते. मिश्रण जास्त झाले तर ते कडेच्या फटीतून वर येते आणि कमी पडले तर साच्याची कड भरत नाही. आपल्या साच्याला आणि आपल्याला हव्या असलेल्या जाडीला नेमके किती ग्रॅम लागतात, हे पहिल्याच दिवशी दोन-तीन पॅटी करून ठरवावे आणि लिहून ठेवावे.

गोळा साच्यात कसा ठेवला जातो, हेही पाहावे लागते. तो एका बाजूला पडला, की त्या बाजूची कड जाड होते आणि समोरची पातळ व चिरलेली राहते. गोळा हाताने किंचित चपटा करावा, बरोबर मध्यभागी ठेवावा आणि तळवा मुठीच्या मधोमध ठेवून दट्ट्या सरळ खाली न्यावा. ज्यांची मूठ एका बाजूला बिजागरीने जोडलेली असते, अशा प्रेसमध्ये बिजागरीजवळचा भाग आधी दाबला जाण्याची शक्यता असते. अशा वेळी पहिला हलका दाब देऊन पॅटी तिच्याखाली घातलेल्या बटर पेपरसकट अर्धा फेरा फिरवावी आणि मग दाब पूर्ण करावा.

सगळ्याच मिश्रणांना सारखाच जोर लावणे

मांसाची पॅटी आणि डाळी-कडधान्यांची किंवा भाज्यांची पॅटी यांना लागणारा दाब जवळजवळ उलट असतो. प्रेससोबत येणाऱ्या माहितीपत्रकांत याला क्वचितच पुरेशी जागा दिलेली असते.

खिम्याच्या दाण्यांमध्ये लहान लहान पोकळ्या असतात. शिजताना वितळणारी चरबी आणि सुटणारा रस काही प्रमाणात या पोकळ्यांत थांबतो आणि पॅटी खाताना मऊ, सुटसुटीत लागते ती त्यांच्यामुळेच. शरीराचा भार टाकून दट्ट्या दाबला, की या पोकळ्या मिटतात आणि शिजल्यावर हाती येते ती घट्ट, रबरासारखी चकती. खिमा साच्याच्या कडेला सगळीकडून टेकला, की थांबावे. त्यापुढे लावलेला जोर पॅटीचे नुकसानच करतो. आकार नीट आला नाही म्हणून तीच पॅटी मोडून, पुन्हा मळून, पुन्हा दाबणे हे त्याहून वाईट, कारण मळताना मांसातील प्रथिने एकमेकांना धरून बसतात आणि प्रत्येक फेरीबरोबर पोत अधिक कडक होत जातो. थोडी वेडीवाकडी झालेली कड बोटाने सारखी करावी आणि पुढे जावे.

या घट्टपणाचे दुसरे मोठे कारण मीठ हे आहे. मीठ आधीच खिम्यात मिसळून ठेवले, तर मांसातील मायोसिन नावाचे प्रथिन त्यात विरघळते, मिश्रण चिकट होते आणि शिजल्यावर सॉसेजसारखे लवचीक बनते. सॉसेज करणारे हा गुण मुद्दाम साधतात. बर्गरमध्ये तो नको असतो. म्हणून पॅटी दाबून झाल्यावर, तव्यावर टाकण्याच्या अगदी आधी, दोन्ही बाजूंना वरून मीठ भुरभुरावे.

कडधान्यांच्या आणि भाज्यांच्या मिश्रणात असे धरून ठेवणारे प्रथिन नसते. तेथे मिश्रण एकत्र राहते ते स्टार्चमुळे आणि दाबामुळे, त्यामुळे दट्ट्या ठामपणे दाबून काही सेकंद तसाच धरून ठेवावा लागतो. तरीही पॅटी तुटत असेल, तर प्रेसवर आणखी जोर देण्यापूर्वी मिश्रणातील पाणी तपासावे. शिजवलेला राजमा किंवा चणे नीट निथळून, कापडावर पसरून कोरडे केलेले असावेत. किसलेल्या भाज्या पिळून घेतलेल्या असाव्यात. बटाटा गरम असताना कुस्करून पूर्ण गार होऊ दिलेला असावा. बटाटा मिक्सरमध्ये फिरवण्याचा मोह टाळावा, कारण त्याने स्टार्च मोकळा होऊन मिश्रण डिंकासारखे चिकट होते आणि साच्यातून सुटत नाही. ओलसरपणा थोडाच असेल, तर ब्रेडचा चुरा घालून १० मिनिटे थांबावे, म्हणजे त्याला पाणी शोषायला वेळ मिळतो. लगेच दाबले, तर मिश्रण अजून ओलेच आहे असे वाटून आपण आणखी चुरा घालतो आणि पॅटी भुसभुशीत, कोरडी होते. दाबून झालेल्या अशा पॅटी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवल्या, की गार झालेला स्टार्च घट्ट होतो आणि उलटताना त्या फुटत नाहीत.

कांदा किंवा मिरची मोठी चिरलेली असेल, तर दोन्ही प्रकारांत कडेला भेगा पडतात. हे तुकडे पॅटीच्या जाडीच्या मानाने अगदी बारीक हवेत.

खिमा गार नसणे आणि पॅटी चिकटणे

पॅटी साच्याला चिकटते ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते आणि त्यावर तेल लावण्याचा उपाय लगोलग सुचवला जातो. तेलाने थोडा फरक पडतो, पण आधी खिम्याचे तापमान पाहावे. ओट्यावर बराच वेळ राहिलेल्या खिम्यातील चरबी मऊ होऊन दट्ट्याच्या चक्राकार रेघांमध्ये माखली जाते. खिमा फ्रीजमधून, म्हणजे ४ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानातून, काढताच गोळे करून दाबला, तर चरबी घट्ट राहते, पॅटीचा आकार टिकतो आणि ती सहज सुटते. ज्यांचे हात गरम असतात, त्यांनी प्रेसही १५ मिनिटे फ्रीजमध्ये ठेवून पाहावी. धातूच्या प्रेसमध्ये याचा उपयोग विशेष जाणवतो.

चिकटण्याचे दुसरे कारण हवेशी संबंधित आहे. ओलसर, सपाट पृष्ठभाग दट्ट्याला घट्ट टेकलेला असतो आणि दोहोंच्या मध्ये हवा शिरायला वाट नसते. अशा वेळी दट्ट्या सरळ वर ओढला, की पॅटीही त्याबरोबर उचलली जाते किंवा मधोमध फाटते. गोल दट्ट्या आधी किंचित फिरवावा आणि मग उचलावा, म्हणजे कडेने हवा आत जाते. याहून खात्रीचा उपाय म्हणजे साच्याच्या मापाचे बटर पेपरचे दोन गोल, एक खाली आणि एक वर. कागद साच्यापेक्षा लहान कापला, तर कड चिकटते. मोठा कापला, तर त्याच्या चुण्या पॅटीत उमटतात. व्यास नेमका कापून, एका बाजूला बोटाने धरता येईल असे लहानसे टोक ठेवले, तर पॅटी त्या टोकाने उचलता येते. तव्यावर टाकण्यापूर्वी दोन्ही कागद काढलेले आहेत, याची खात्री करावी. मेणकागद असेल तर याची विशेष काळजी घ्यावी, कारण उष्णतेने त्यावरचे मेण वितळते.

चरबीबद्दल एवढेच, की फार कमी चरबीचा खिमा प्रेसमध्ये सुबक दिसतो आणि तव्यावर कोरडा पडतो. साधारण २० टक्के चरबीचा खिमा बर्गरला योग्य ठरतो.

पावाच्या मापाचीच पॅटी करणे

साच्यातून निघालेली पॅटी पावावर ठेवून पाहिली, ती बरोबर बसली आणि शिजल्यावर मात्र पावाच्या मध्यावर एका नाण्यासारखी उरली, हा अनुभव अनेकांना येतो. मांस तापले, की त्यातील कोलॅजेन आकसते, पाणी आणि चरबी बाहेर पडते आणि पॅटीचा व्यास कमी होतो. त्यामुळे कच्ची पॅटी पावापेक्षा १ ते दीड सेंटीमीटर मोठी असावी. प्रेस विकत घेतानाच हे लक्षात ठेवावे, कारण साच्याचा व्यास नंतर बदलता येत नाही. कडधान्यांच्या पॅटी फारशा आकसत नाहीत. त्यांना पावाएवढा साचा चालतो.

आकसण्याचाच दुसरा परिणाम म्हणजे पॅटी मध्ये फुगणे. कड आधी शिजते, आकसते आणि पट्ट्यासारखी आवळली जाते, तेव्हा मधला मऊ भाग वर ढकलला जातो. प्रेसमुळे पॅटी अगदी सपाट होते आणि सपाट पॅटी फुगल्यावर तिचा घुमट अधिकच ठळक दिसतो. दाबून झाल्यावर मध्यभागी अंगठ्याने किंवा चमच्याच्या पाठीने उथळ खळगा करावा; शिजताना तो भरून येतो आणि पॅटी सपाट राहते. काही प्रेसच्या दट्ट्याला यासाठीच मध्ये उंचवटा दिलेला असतो, पण तो पुरेसा आहे की नाही, हे एक पॅटी शिजवूनच ठरवावे. फुगलेली पॅटी उलथण्याने दाबून सपाट करायला जाऊ नये, कारण त्याने आतला रस तव्यावर सांडतो.

साच्याची प्रेस आणि तव्यावरची प्रेस यांत गल्लत

एकाच नावाने दोन वेगळी उपकरणे विकली जातात. साच्याची प्रेस कच्च्या पॅटीला आकार देते. बिडाची किंवा स्टीलची जड, सपाट प्रेस मात्र तापलेल्या तव्यावर गोळा दाबून पातळ, कुरकुरीत कडेची पॅटी करण्यासाठी असते. ही दुसरी प्रेस वापरायची असेल, तर गोळा तव्यावर पडताच, पहिल्या अर्ध्या मिनिटातच, एकदा जोरात दाबावा. त्या वेळी चरबी अजून घट्ट असते, त्यामुळे रस फारसा जात नाही. नंतर दाबले, तर तो वाहून जातो. प्लास्टिकची किंवा नॉनस्टिक लेप असलेली साच्याची प्रेस तव्यावर कधीही टेकवू नये.

प्रेसने केलेल्या पॅटीचे बाहेरचे रूप इतके सारखे असते, की एक शिजली म्हणजे सगळ्या शिजल्या, असे गृहीत धरले जाते. खिमा करताना मांसाच्या पृष्ठभागावरील जिवाणू आतपर्यंत मिसळतात, म्हणून मध्यभाग पूर्ण शिजणे आवश्यक आहे. लाल मांसाच्या पॅटीचे आतील तापमान ७१ अंश सेल्सिअस आणि कोंबडीच्या पॅटीचे ७४ अंश सेल्सिअस व्हायला हवे. थर्मामीटर पॅटीच्या कडेने आडवा खुपसला, तरच त्याचे टोक मध्यापर्यंत पोहोचते.

साठवण आणि धुणे

पॅटी एकावर एक रचून तशाच फ्रीजरमध्ये ठेवल्या, तर खालच्या चपट्या होतात आणि सगळ्या मिळून एकच लादी बनते. त्या आधी ताटात सुट्या ठेवून घट्ट होऊ द्याव्यात, मग मध्ये कागद घालून हवाबंद पिशवीत भराव्यात. उणे १८ अंश सेल्सिअसला खिम्याच्या पॅटीची चव तीन-चार महिने चांगली राहते. त्या वितळवायच्या असतील, तर ओट्यावर न ठेवता फ्रीजमध्येच वितळवाव्यात.

प्रेस वापरून झाली, की लगेच धुवावी. आधी गार पाण्याने, म्हणजे प्रथिने गोठून रेघांत बसत नाहीत, आणि मग गरम पाणी व साबणाने, म्हणजे चरबी निघते. नॉनस्टिक लेपावर तारेची घासणी चालवू नये. लेप नसलेली ॲल्युमिनियमची प्रेस भांडी धुण्याच्या यंत्रातील तीव्र साबणाने काळवंडते, म्हणून ती हातानेच धुवावी. बिडाची प्रेस पुसून, गरम करून पूर्ण कोरडी करावी आणि तिला तेलाचा पातळ हात द्यावा. लाकडी मूठ पाण्यात भिजत ठेवू नये. मूठ काढता येत असेल, तर ती प्रत्येक वेळी काढून तिच्या आट्यांमध्ये आणि स्प्रिंगखाली अडकलेला कच्चा खिमा मऊ ब्रशने साफ करावा, कारण नुसते पाणी तेथवर पोहोचत नाही.