घरच्यांना घेऊन समुद्रात गरवायला (गळाने मासे पकडायला) जायचंय? मग असं करा

दिवाळी झाली की कोणाचा तरी फोन येतोच, मालवणला येतोय, आम्हाला पण बोटीने गरवायला ने ना. सोबत कोण, तर दोन पोरं, बायको, सासूबाई आणि पाच मिनिटं एका जागी न बसणारा एक मित्र. नेतो की! फक्त माझा एक नियम आहे, बोटीत जो सगळ्यात नवखा त्याच्या हिशोबाने सगळं आखायचं, स्वतःला मोठी सुरमई ओढायची खाज असेल तर ती वेगळ्या दिवशी भागवायची.

पहिलं काम म्हणजे दिवस ठरवणं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते ते माहीतच असेल, पण नारळी पौर्णिमा झाली म्हणजे समुद्र लगेच शांत होतो असं काही नाही, फॅमिली असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी धरा. त्यातही नुसता रविवार बघू नका, तिथी बघा. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, पाण्याला एवढी ओढ असते की दोरीला वजनासाठी बांधलेलं शिसं तळाला टिकतच नाही, नवख्याला वाटतं मासाच लागलाय. अष्टमी ते दशमी भांगाचं पाणी, ओढ कमी, शिकायला एकदम बेस्ट. भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करा, म्हणजे अष्टमीला साधारण सहा वाजता भरती, थोडं इकडेतिकडे होतं पण अंदाज येतो. आदल्या रात्री हवामान खात्याचा आणि इन्कॉइसचा (समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था) लाटांचा इशारा बघा, आणि सकाळी तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, नको म्हणाला तर विषय संपला, ॲडव्हान्स दिलाय वगैरे घासाघीस करत बसायचं नाही.

निघायचं पहाटे. सकाळी मतलई वारा, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा, असतो, समुद्र बशीतल्या चहासारखा, आणि दुपारकडे समुद्रावरून खारा वारा सुटला की तीच बोट उड्या मारायला लागते. सहाला निघा, अकरापर्यंत परत या. चार-पाच तास पुरे होतात, पोरांना तर तेही जास्त होतात.

बोट ठरवताना भाड्याआधी लाइफ जॅकेट विचारा, मुलांच्या मापाचं आहे का ते डोळ्यांनी बघा, मोठ्यांचं जॅकेट पोराला घातलं तर पाण्यात वरच्या वर निघून जातं. वायरलेस सेट चालू आहे ना (संकटाच्या वेळी चॅनल १६), किती माणसांची परवानगी आहे, आणि डोक्यावर सावली आहे का. थोडं आत गेलं की मोबाईलची रेंज जाते, म्हणून किनाऱ्यावर एकाला परतायची वेळ सांगून ठेवा, उशीर झाला आणि संपर्क होत नसेल तर त्याने कोस्टगार्डला १५५४ वर फोन करायचा. आधार कार्ड सगळ्यांनी जवळ ठेवा. आणि मालवणात असाल तर सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या आसपास गळ टाकायचा नाही, १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे आणि तो भाग त्याचा गाभा आहे. कोणी विजयदुर्गसमोरच्या आंग्रिया बँकेच्या (समुद्राखालचा प्रवाळाचा उंचवटा) गोष्टी सांगितल्या तर ऐकून घ्या, ती जागा किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरच्या वर आहे, सासूबाईंना घेऊन जायची नव्हे.

आता बोट लागणे. आमचे काका एकदा निघताना मिसळ खाऊन आले, वर म्हणाले मला काही होत नाही, आणि नांगर टाकल्यावर दहाव्या मिनिटाला बोटीच्या काठाला मिठी मारून बसले ते परत येईपर्यंत. बोट चालताना कमी लागते, नांगरावर डुलताना जास्त, हे लक्षात ठेवा. पोट रिकामं नको आणि तेलकट पण नको, चपाती, केळं, आल्याची वडी चालेल. गोळी डॉक्टरांना विचारून निघायच्या तासभर आधी घ्या, उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. बोटीच्या मधोमध बसा, डिझेलच्या धुरापासून लांब, आणि नजर मोबाईलवर नको, लांब किनाऱ्याच्या रेघेवर ठेवा.

सामान जास्त नको. किनारा दिसत राहील अशा दहा-बारा वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) पाण्यात साधी हातदोरी पुरते, दोरी, शिसं, दोन गऱ्या (गळाचे आकडे) आणि आमिषाला कोळंबी नाहीतर माकुलाचे तुकडे. शिसं तळाला टेकलं की दोरी सैल पडते, तिथून हातभर वर उचला आणि बोटावर दोरी नुसती ठेवून थांबा. टुक, टुक, मग जरा दम, मग ओढ. गोल वळलेली गरी असेल तर हिसका देऊ नका, सावकाश ओढत राहा, ती आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसते. पोरांना बहुतेक पहिली राणी मासळीच लागते, गुलाबी, वीतभर, आणि ती वर आल्यावर जो आरडाओरडा होतो ना, सात किलोच्या सुरमईला पण होत नाही. रॉड असेल तर रीलचा ड्रॅग (किती ओढीला दोरी सुटायला लागेल तो ब्रेक) दोरीच्या ताकदीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश ठेवा, आणि सुरमईच्या मागे असाल तर गरीच्या आधी वायर लावा, तिचे दात दोरी कापतात. दोरी हाताला गुंडाळायची मात्र कधीच नाही, मी एकदा ब्रेडेड, म्हणजे विणलेली दोरी गुंडाळली होती, तर्जनीवर अजून पांढरी रेघ आहे.

वर आलेला प्रत्येक मासा पोरांच्या हातात देऊ नका. शिंगाळ्याचे काटे आणि पाकटाची शेपटी तांडेललाच हाताळू द्या. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा, कळ कमी होते, आणि मग डॉक्टर. फुगणारा केंड लागला तर सोडून द्या, त्याचं विष शिजवून जात नाही.

बर्फ घरूनच न्या, माशाच्या वजनाइतका तरी. कुपा, बांगडा, सुरमई उन्हात पडली तर त्यात हिस्टामीन तयार होतं, मासा दिसायला ताजा पण खाल्ल्यावर अंगाला खाज आणि चेहरा लाल, आणि कितीही तळलं तरी ते जात नाही. म्हणून मासा आला की आधी बर्फात, मग फोटो.

मासे कोणाचे, हे निघण्याआधीच तांडेलशी बोलून घ्या, जेट्टीवर वाद नको. आणि पाय जमिनीला लागले की त्या किनाऱ्यावरच्या माणसाला फोन करा. मी एकदा विसरलो, मासे साफ करत बसलो होतो आणि तिकडे मावशी पदर खोचून बंदरावर हजर!