डावा खांदा, उजवा बोल्ट: ५० मीटर रायफलकडे वळणाऱ्या नव्या नेमबाजांसाठी

दहा मीटर एअर रायफलवर डावखुरेपणाची अडचण फारशी जाणवत नाही. ग्रिप डावी मिळते, चीकपीस (गाल टेकवायचा भाग) फिरवता येतो, आणि पेलेट भरताना रायफल स्टँडवर टेकवलेली असल्यामुळे पोझिशन तशीही प्रत्येक शॉटनंतर मोडलेली असते. खरी गोम कळते .२२ (काडतुसाची रायफल) हातात आल्यावर. पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये नीलिंग (गुडघ्यावर बसून), प्रोन (पालथं झोपून), स्टँडिंग (उभं राहून) अशा प्रत्येकी २० म्हणजे ६० गोळ्या दीड तासात संपवायच्या असतात, सायटिंगच्या (साइट जुळवायच्या) गोळ्या वेगळ्या. प्रत्येक गोळीला बोल्ट (काडतुसाची जागा मागून बंद करणारा, हँडलचा दांडा) उघडा, काडतूस ठेवा, बोल्ट बंद करा. आणि पन्नास मीटरवरचं दहाचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटर व्यासाचं.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने याच प्रकारात ४५१.४ गुणांवर कांस्यपदक मिळवलं. त्याआधी, २०१० मध्ये, कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत म्युनिकला ५० मीटर प्रोनची विश्वविजेती झाली होती. त्यामुळे एअर रायफलवरून .२२ कडे वळायचं ठरवणारी मुलं आपल्याकडे कमी नाहीत. त्यातल्या डावखुऱ्यांना बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं: क्लबची रायफल उजव्या बोल्टची आहे, होईल सवय. सवय होते, हे खरं. पण प्रोनमध्ये त्या सवयीची किंमत गुणांत मोजावी लागते आणि ती का, हे रायफल घेण्याआधीच समजून घ्यायला हवं.

मात्र हाताच्या आधी डोळा तपासा. दोन्ही हात समोर ताणा, पंजे एकमेकांवर ठेवून मध्ये छोटी फट सोडा आणि पाच-सहा मीटरवरची एखादी वस्तू दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून पाहा. वस्तू न सोडता हात हळूहळू चेहऱ्याकडे आणा. फट ज्या डोळ्यावर येऊन थांबेल तो तुमचा प्रबळ डोळा. चार-पाच वेळा करा, वेगवेगळ्या वेळी करा. काहींचा डोळा बदलत राहतो आणि त्यांनी एका चाचणीवर निर्णय घेऊ नये.

उजवा हात आणि उजवा डोळा, किंवा डावा आणि डावा, असं जुळलं तर प्रश्नच मिटला. हात उजवा, डोळा डावा असेल तर मतभेद आहेत. आमचं मत असं: अजून काहीच शिकलेला नसलेला नेमबाज डोळ्याच्या बाजूने जावा. ट्रिगरवरच्या बोटाची हालचाल इतकी लहान असते की दुबळ्या हाताचं बोटही ती लवकर शिकतं. नजर मात्र अशी शिकवता येत नाही. पण दोन-तीन वर्षं एका खांद्यावर काढलेल्याला, त्या बाजूची नजर स्वच्छ असेल तर, खांदा बदलायला लावू नये. पीप साइटमध्ये (बारीक छिद्राच्या मागच्या साइटमध्ये) एकच डोळा छिद्रातून पाहतो, त्यामुळे शॉटगनमध्ये उलट्या डोळ्याने जेवढा घोळ होतो तेवढा इथे होत नाही. दुसऱ्या डोळ्यासमोर ब्लाइंडर (डोळा झाकणारी पट्टी) लावला की काम भागतं. डोळ्यासमोरचा ब्लाइंडर नियमाप्रमाणे ३० मिलिमीटरपेक्षा रुंद नको, आणि तो काळा नसून दुधी असावा. एक डोळा अंधारात गेला की दोन्ही बाहुल्या मोठ्या होतात आणि नेम धरणाऱ्या डोळ्यालाही फ्रंट साइटची रिंग आणि बुल (टार्गेटचं काळं वर्तुळ) धूसर दिसू लागतात. डोळा मिटून नेम धरणं त्याहून वाईट, कारण चेहऱ्याचे स्नायू आवळले जातात आणि साठाव्या गोळीपर्यंत थकतात.

खांदा ठरला की बोल्टकडे या. आधी उजव्या खांद्याची, उजव्या बोल्टची सरळ गोष्ट घेऊ, कारण डावखुऱ्याचं काय बिघडतं ते त्यातूनच कळतं.

प्रोनमध्ये डावा कोपर हा खुंटा. स्लिंग (रायफलचा पट्टा) डाव्या दंडाला, तिथून पंजाच्या पाठीवरून हँडस्टॉपपर्यंत (रायफलखाली पंजा अडवणाऱ्या तुकड्यापर्यंत). रायफलचं वजन स्लिंगने आणि हाडांनी पेलायचं, पंजा ढिला ठेवायचा. डावा हात जमिनीशी ३० अंशांपेक्षा कमी कोनात आला तर ते नियमबाह्य. शरीर नेमाच्या रेषेपासून थोडं डावीकडे कलतं, उजवा गुडघा वर ओढला जातो, त्यामुळे पोटावरचा दाब घटून श्वास मोकळा राहतो. ही सगळी मांडणी रायफल स्वतःहून बुलवर यावी म्हणून. याला कोच मंडळी नॅचरल पॉइंट ऑफ एम म्हणतात. गोळी भरताना हा खुंटा हलला नाही, तर पुढचा शॉट आधीच्या शॉटच्याच मांडणीतून सुटतो.

म्हणून गोळी भरण्याची कृती जेवढी कंटाळवाणी तेवढी चांगली. शॉटनंतर ट्रिगर मागेच धरून सेकंदभर साइटमधून पाहत राहा. मग बोट ट्रिगरगार्डच्या बाहेर. हात ग्रिपवरून उचलून बोल्टच्या हँडलवर. बहुतेक मॅच रायफलींत हँडल वर उचलतानाच फायरिंग पिनची स्प्रिंग दाबली जाते, म्हणून त्या पहिल्या उचलीला जोर लागतो आणि तो जोर रायफलला डावीकडे पिळतो. अंगठा स्टॉकवर (नळी बसवलेल्या सांगाड्यावर) टेकवून बोटांनी हँडल वर ओढलं तर जोर मुठीतच जिरतो आणि रायफल पिळली जात नाही. मग बोल्ट अडेपर्यंत, एकाच वेगाने मागे ओढा. अर्ध्यात थबकलात किंवा फार हळू ओढलात तर रिकामी केस (उडालेल्या काडतुसाचं कवच) ती ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरला लटकून राहते आणि ती नखाने काढायच्या नादात कोपर सुटतो. हिसका मारलात तर खांद्यातला बट (स्टॉकचं मागचं टोक) सरकतो.

नवं काडतूस मागच्या कडेकडून धरा, लोडिंग ट्रेवर ठेवा, चेंबरच्या (काडतूस बसतं त्या पोकळीच्या) तोंडाशी न्या आणि बोल्ट पुढे ढकला. शिशाची ४० ग्रेन, म्हणजे साधारण २.६ ग्रॅमची ही गोळी मऊ असते, वर मेणासारखा थर असतो. टोक चेंबरच्या कडेला आपटलं किंवा नख लागलं की ग्रुपबाहेरचा (एकत्र पडलेल्या गोळ्यांपासून दूरचा) एखादा शॉट फुकट मिळतो आणि दोष वाऱ्यावर जातो. हँडल शेवटपर्यंत खाली बसवा. अर्धवट बसलेल्या बोल्टमुळे पिनचा फटका हलका पडतो आणि गोळी उडत नाही.

काडतुसांचा ब्लॉक कुठे ठेवता यावर बरंच अवलंबून आहे. तो उजव्या कोपराच्या पुढे, इतक्या अंतरावर हवा की कोपर टेकलेला ठेवून फक्त मनगट ते कोपर एवढा हात फिरवला तरी पोचेल. नवखे ब्लॉक पुढे ठेवतात, हात लांबवतात, आणि प्रत्येक गोळीला उजवा खांदा उचलतात. शॉट दाखवणाऱ्या मॉनिटरचंही तेच: मान न वळवता नुसत्या नजरेने दिसेल असा लावा.

उजवा कोपर उचलावा लागलाच तर परत त्याच जागी यायला हवा. सरावात मॅटवर खडूने खूण करून पाहा, किती सरकतो ते डोळ्यांना दिसेल. तो बाहेर सरकला की खांदा खाली बसतो, बट खाली जातो आणि नळीचं तोंड वर. तुम्ही नकळत स्नायूंनी ते खाली दाबता, आणि ग्रुप उभा लांबतो. आडवा लांबत असेल तर आधी डाव्या कोपराकडे बघा. तपासणी सोपी आहे: गोळी भरून गाल टेकवा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, उघडा. बुल रिंगमध्ये नसेल तर हाताने ओढून आणू नका; डावा कोपर तिथेच ठेवून कंबर सरकवा.

आता डाव्या खांद्यावर उजव्या बोल्टची रायफल. इथे स्लिंग उजव्या हातात आहे, म्हणजे खुंटा उजवा कोपर, आणि हँडलही उजवीकडेच. दोनच मार्ग उरतात. डावा हात ग्रिप सोडून रिसीव्हरवरून (बोल्ट बसतो त्या भागावरून) पलीकडे न्यायचा, त्यासाठी डोकं चीकपीसवरून पूर्ण उचलायचं. हँडल वर ओढताना रायफल कलते आणि डावा कोपर राहतच नाही. किंवा उजव्या हाताने बोल्ट चालवायचा, म्हणजे स्लिंगची ताणलेली सगळी रचना प्रत्येक गोळीला मोडायची आणि पुन्हा उभी करायची. दुसरा मार्ग प्रोनमध्ये सोडूनच द्या. पहिला निभावतो, पण दर शॉटनंतर गाल, बट आणि कँट (रायफलचा बाजूचा कल) या तिन्ही गोष्टी नव्याने जुळवाव्या लागतात. वीस गोळ्यांत वीसदा.

शिवाय डाव्या गालाचा नेमबाज स्टॉकच्या उजव्या बाजूला असतो आणि इजेक्शन पोर्टही (केस बाहेर पडायची खिडकी) तिकडेच उघडतं. गरम केस स्लिंगच्या हातावर पडते. केसची कडा फाटलीच तर निसटलेला वायू चेहऱ्याकडे येतो. म्हणून उजव्या बोल्टवर डावखुऱ्याने चष्म्याशिवाय बसू नये.

नीलिंगमध्ये नुकसान कमी. स्लिंग तिथेही आहे, पण धड उभं असल्यामुळे हात पलीकडे नेणं जमतं. फक्त पुढच्या गुडघ्यावरचा कोपर घसरू देऊ नका. नियमाने कोपराचं टोक गुडघ्याच्या टोकापुढे १० सेंटीमीटर आणि मागे १५ सेंटीमीटर यांच्या आतच हवं. नियमावली उजव्या हाताने लिहिलेली आहे: उजवा गुडघा जमिनीवर, डावा पाय पुढे. डावखुऱ्याने सगळं आरशात वाचायचं. पावलाखालचा रोल मात्र दोघांनाही सारखाच, जास्तीत जास्त २५ सेंटीमीटर लांब आणि १८ सेंटीमीटर व्यासाचा.

स्टँडिंगमध्ये तर फारसा फरकच नाही. स्लिंग नसते, बरेच जण शॉटनंतर रायफल स्टँडवर उतरवतात, आणि तिथे कोणत्याही हाताने बोल्ट चालवता येतो. स्टँडिंगमधला धोका वेगळा: भरून नेम खाली आणताना बोट ट्रिगरवर जाणं. मॅच ट्रिगर अगदी हलक्या दाबानेही सुटतो. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये याच प्रकारात अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स मोठ्या आघाडीवर असताना शेवटच्या शॉटला ट्रिगर लवकर दाबला गेला, ४.४ पडला आणि तो चौथा आला. बुल रिंगमध्ये दिसल्याशिवाय बोट आत जाऊ नये.

यावरून खरेदीचं गणित सोपं होतं. फक्त प्रोन किंवा थ्री पोझिशन करायची असेल आणि खांदा डावा असेल, तर डाव्या बोल्टचीच रायफल बघा. आन्शुट्झसारखे निर्माते डाव्या अ‍ॅक्शनची मॉडेलं बनवतात. जुन्या बाजारात ती क्वचित येतात आणि विकायलाही वेळ लागतो, हे धरून चाला. तोवर क्लबच्या रायफलवर निदान स्टॉक तरी डावा किंवा दोन्हीकडे चालणारा असावा. उजव्या ग्रिपचा अंगठ्याचा खाचा आणि उजवा चीकपीस डाव्या गालाला साइटपासून दूर ढकलतो. जॅकेटही डावंच हवं, कारण स्लिंगची पकड आणि कोपराचे पॅड विरुद्ध बाहीवर लागतात. ग्लव्ह उजव्या हाताचा. मागच्या साइटचा आडवा नॉब सहसा उजवीकडे असतो. तो फिरवायला पुन्हा हात पलीकडे न्यावा लागतो, म्हणून क्लिक सायटिंगमध्येच उरकून घ्या.

कधीकधी उजव्या नेमबाजाला कोणी सुचवतं की डाव्या बोल्टची रायफल घे, म्हणजे ट्रिगरचा हात ग्रिपवरून हलणारच नाही. बेंचरेस्टमध्ये हे बरोबर आहे, तिथे रायफल टेबलावरच्या रेस्टवर असते आणि डावा हात मोकळा असतो. स्लिंगच्या प्रोनमध्ये तो हात बांधलेला आहे. तिथे बोल्ट ट्रिगरच्याच हाताचा.

घरच्या सरावात .२२ रिकामी उडवू नका. रिमफायरची पिन काडतूस नसताना चेंबरच्या कडेवर आपटून तिथे खड्डा पाडू शकते. ड्राय फायरची (गोळीविना ट्रिगर दाबायची) वेगळी पिन मिळत असेल तर ती बसवा, नाहीतर रिकामी केस आत ठेवा आणि दर काही वेळाने ती फिरवा. रेंजवर गोळी उडाली नाही तर बोल्ट लगेच उघडायचा नाही: नळी टार्गेटकडे ठेवून निदान ३० सेकंद थांबा, मग उघडा.

आणि रेंजवर लेन मिळाल्यावर आजूबाजूला बघून घ्या. प्रोनमध्ये उजव्या नेमबाजाचे पाय डावीकडे जातात, डावखुऱ्याचे उजवीकडे, त्यामुळे डावखुऱ्याची उजवीकडच्या शेजाऱ्याशी पायापायी होते. स्टँडिंगमध्ये डावीकडचा उजवा शेजारी आणि तो समोरासमोर येतात आणि त्याची रिकामी केस थेट तुमच्याकडे उडते. लवकर पोचा, मॅट आधी अंथरा, आणि शक्य असेल तर आयोजकांना सांगून उजव्या टोकाची लेन मागून घ्या.