काळ्या गाडीवरचे स्वर्ल आणि बारीक स्क्रॅच काढताय? या चुका टाळा

काळी गाडी दुपारी उन्हात उभी करा आणि बोनेटकडे बघा, सूर्याच्या चमकेभोवती बारीक रेघांचं गोल जाळं दिसेल, डिटेलिंगवाले (गाडीची बारकाईने सफाई-पॉलिश करणारे) याला स्वर्ल म्हणतात. रेघा खरंतर गोल नसतातच, त्या चारी दिशांना गेलेल्या असतात, पण ज्या उजेडाला आडव्या येतात तेवढ्याच चमकतात म्हणून जाळं गोल वाटतं. पांढऱ्या गाडीवर पण तेवढ्याच असतात, फक्त दिसत नाहीत.

आता चांगली गोष्ट ही की स्वर्ल निघतात, आणि बऱ्यापैकी घरी पण निघतात. पण आधी एक समजून घ्या भाऊ, कारण पुढच्या सगळ्या चुका इथूनच सुरू होतात. काळ्या रंगाच्या वर जो पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, तो साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. पॉलिशने रेघ भरत नाही, रेघेच्या आजूबाजूचा थर घासून रेघेच्या तळापर्यंत खाली आणला जातो. घासून गेलेला थर परत येत नाही, कुठल्याच बाटलीतून येत नाही. आणि रंगाला उन्हापासून वाचवतो तो हाच थर, आपल्या जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तिथे छताचा क्लिअर कोट पातळ करून ठेवला तर काही वर्षांनी पांढरे चट्टे पडून साली निघायला लागतात, मग रिपेंटशिवाय इलाज नाही.

कारण तसंच ठेवून पॉलिश करणं

सगळ्यात मोठी चूक हीच. स्वर्ल येतात कुठून? रोज सकाळी गाडीवर मारलेल्या कोरड्या फडक्यातून. आपल्याकडची धूळ म्हणजे काळ्या रानातली माती, हायवेच्या कामाचा मुरूम, खडी क्रशरचा भुगा, दीपनगरच्या वीजकेंद्राच्या बाजूला राहत असाल तर राख पण. यात बारीक वाळूचे कण असतात आणि ते क्लिअर कोटपेक्षा कडक, त्यावर कोरडं फडकं फिरवलं की रेघ पडणारच, फडकं कितीही मऊ असलं तरी. हजारो रुपये देऊन गाडी चकचकीत करून आणायची आणि दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरने तेच फडकं मारायचं, मग दोन महिन्यात परत जाळं, परत पॉलिश, परत थोडा थर गेला.

वॉशिंग सेंटरला पण लक्ष ठेवा, ज्या कापडाने रिम पुसली तेच कापड बोनेटवर येतंय का ते बघा, येत असेल तर गाडी फक्त प्रेशरने मारून घ्या आणि कापड आपलं द्या.

घरी धुताना आधी नुसतं पाणी मारून धूळ खाली उतरवायची, मग दोन बादल्या घ्या, एकीत शाम्पू आणि दुसरीत साधं पाणी मिट (गाडी धुवायचा मऊ हातमोजा) खळबळायला, वरून खाली यायचं, चाकं सगळ्यात शेवटी वेगळ्या कापडाने. कपड्याची पावडर किंवा भांड्याचं लिक्विड नको, त्याने वॅक्स उतरतं. उन्हाळ्यात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं अशा गावात हे कसं करायचं असं विचाराल, तर रिन्सलेस वॉश नावाचं पाण्यात मिसळायचं लिक्विड मिळतं, एका बादलीत गाडी होते, नंतर पाणी मारून धुवावं लागत नाही. त्यातलंच थोडं पाणी स्प्रेच्या बाटलीत भरून आधी पॅनलवर मारा, धूळ फुगू द्या, मग ओल्या मायक्रोफायबरने हलक्या हाताने एका दिशेने, प्रत्येक वेळी कापडाची नवी घडी.

बोअरचं पाणी असेल तर गाडी सुकायला सोडू नका, क्षाराचे गोल डाग काळ्यावर पक्के बसतात. लगेच टॉवेलने टिपून घ्या, टिपून म्हणतोय, घासून नाही. जुने डाग असतील तर पांढरा व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं करून सावलीत थंड पॅनलवर मिनिटभर ठेवायचं आणि भरपूर पाण्याने धुवायचं, बरेचसे जातात, उगाच कंपाऊंड (पॉलिशपेक्षा जास्त कापणारी पेस्ट) घेऊन मागे लागायची गरज नाही.

आणि दसऱ्याला बोनेटवर स्वस्तिक काढतो आपण, काढायलाच पाहिजे, पण ते वाळलेलं हळदीकुंकू नंतर कोरड्या कापडाने खरडू नका, पाण्याने भिजवून काढा. नवरदेवाच्या गाडीला फुलं लावणाऱ्यालाही सांगा की तार आणि टेप थेट रंगावर नको.

स्क्रॅच किती खोल आहे ते न बघता घासणं

शेतरस्त्याने गाडी नेली आणि बाभळीची फांदी दारावरून गेली, हा आपल्याकडचा रोजचा प्रकार. अशा रेघेवर आधी पाणी टाका. ओली असताना दिसेनाशी झाली तर ती क्लिअर कोटमध्येच आहे, पॉलिशने निघेल किंवा खूप फिकी होईल. मग नख हलकेच आडवं फिरवा, नख अडकलं तर ते पॉलिशचं काम नाही. तिथे टचअप पेन किंवा पेंटर. एक खोल रेघ पूर्ण घालवायच्या नादात तिच्या भोवतालचा हातभर थर उडवून बसतात लोक, तसं करू नका, कडा गोलावून थोडी फिकी करा आणि राहू द्या.

क्ले न मारता पॉलिशचं मशीन लावणं

धुतलेल्या बोनेटवर पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून बोटं फिरवा, खरखर लागली तर अजून घाण चिकटलेली आहे, डांबर, झाडाचा चीक, रेल्वेलाईनजवळ गाडी लागत असेल तर लोखंडाचे कण. क्ले बार, म्हणजे चिकटलेली घाण ओढून काढणारी मातीसारखी वडी, भरपूर लुब्रिकंट (निसरडं करणारं लिक्विड) मारून फिरवा. खाली पडला तर सरळ फेकून द्या, धुवून वापरू नका.

पहिल्यांदाच सगळ्यात कडक कंपाऊंड

गॅरेजमध्ये रोटरी मशीन (पॅड एकाच जागी गरागरा फिरवणारं), लोकरीचा पॅड आणि कडक कंपाऊंड, दहा मिनिटात गाडी आरसा. उन्हात न्या मग दिसतं, लांब लांब सावलीसारखे पट्टे, बघायची जागा बदलली की तेही सरकतात, याला होलोग्राम म्हणतात आणि काळ्यावर ते स्वर्लपेक्षा वाईट दिसतात. घरी करणाऱ्याने रोटरीच्या वाटेला जाऊच नये, ड्युअल अ‍ॅक्शन मशीन घ्या, त्यात पॅड फिरतो आणि हलतोही, म्हणून ते एका जागी तेवढं तापत नाही.

बोनेटवर दीड-दोन फुटाचा चौकोन टेपने आखा आणि सगळ्यात सौम्य जोडीपासून सुरुवात करा, मऊ फोमचा पॅड आणि फिनिशिंग (सगळ्यात बारीक) पॉलिश. वाटाण्याएवढे तीन-चार थेंब, स्पीड ४ किंवा ५, हात एकदम सावकाश, चार ते सहा वेळा उभं-आडवं. पुसा आणि टॉर्चने बघा. नाही निघालं तरच एक पायरी कडक. जे त्या चौकोनात चाललं तेच पूर्ण गाडीला. दाराच्या कडा, बोनेटची बॉडीलाईन इथे थर पातळ असतो, टेप लावून ठेवा. पिलरवरचं चकचकीत काळं प्लास्टिक मशीनपासून लांबच.

तापलेल्या पत्र्यावर काम

पॅनलला हात लावून चटका बसत असेल तर थांबा. पॉलिश लगेच सुकतं, पांढरा भुगा उडतो, चिकटतं, आणि सुकलेलं पॉलिश स्वतःच रेघा पाडतं. पत्र्याच्या शेडमध्येही उन्हाळ्यात दुपारी हेच होतं. पहाटे सुरू करा, नऊपर्यंत आवरा, रोज दोन पॅनल झाले तरी बास.

काम झालं पण नीट दिसत नाही?

धुरकट दिसतंय तर पॅड किंवा पॉलिश त्या पेंटला कडक पडलंय, मऊ फोम आणि फिनिशिंगने शेवटचा हात मारा. सुरुवातीला कापत होतं आणि आता कापत नाही, तर पॅड भरलाय, प्रत्येक चौकोनानंतर ब्रशने साफ करायचा आणि दोन-तीन पॅनलनंतर पॅड बदलायचा. दोन धुण्यात स्वर्ल परत आले, तर ते गेलेच नव्हते, पॉलिशमधल्या तेलाने आणि फिलरने (रेघेत तात्पुरता बसणारा पदार्थ) झाकले होते. यासाठी पाण्यात १५-२० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल टाकून पॅनल पुसा आणि मगच उन्हात तपासा. बाहेरून काम करून घेत असाल तर गाडी ताब्यात घेण्याआधी हे समोर करून मागा, चांगला माणूस नाही म्हणत नाही.

हे तपासल्याशिवाय सिरॅमिक कोटिंग (रंगावर मारायचा कडक संरक्षक थर) मारू नका, खाली स्वर्ल राहिले तर ते कोटिंगखाली बंद होतात आणि काढायचे तर कोटिंगही घासावं लागतं. ९एच लिहिलेलं असतं ती पेन्सिलच्या कडकपणाची मोजणी आहे, कोरड्या फडक्याने त्यावरही रेघ पडते.

टूथपेस्ट, रॉकेल, डिझेल, खोबरेल यातलं काही नको. तेलं चार दिवस चमक देतात आणि धूळ ओढतात, टूथपेस्टची खर प्रत्येक कंपनीची वेगळी, तिचा भरवसा नाही.

सेकंडहँड गाडी असेल तर मशीन लावायच्या आधी मायक्रॉन मीटरवाल्याकडून सगळ्या पॅनलच्या रंगाची जाडी मोजून घ्या. मूळ पेंट सगळे थर धरून साधारण १०० ते १५० दाखवतो. एखादं दार २०० च्या वर गेलं तर ते बहुतेक रंगवलेलं आहे. आकडा आजूबाजूच्या पॅनलपेक्षा बराच कमी आला तर तिथे कोणीतरी आधीच भरपूर घासलेलं आहे, त्या पॅनलला फक्त वॅक्स लावा आणि आहे तसा ठेवा.