अंगावर पित्त उठलंय? या चुका टाळा

रात्री मांडीवर एक गांध दिसते. खाजवली की तासाभरात पोटापाठीवर नकाशा उमटतो. आणि घरातलं कोणीतरी हमखास ॲसिडिटीची गोळी पुढे करतं.

पहिली चूक इथेच होते, आणि दोष आपल्या शब्दाचा आहे. या ‘पित्ता’चा पोटातल्या आम्लाशी संबंध नाही. त्वचेतल्या मास्ट नावाच्या पेशी हिस्टामिन हे रसायन सोडतात, बारीक रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपतो आणि कातडी फुगते. म्हणून गुण येतो तो सेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन अशा हिस्टामिन अडवणाऱ्या गोळ्यांनी. सेटिरिझिनने झोप येते, त्यामुळे गाडी चालवणार असाल तर जपून.

आमसुलाचं पाणी लावा, हरकत नाही, गार वाटतं. पण ‘आमसुलाने गेलं’ म्हणताना एक लक्षात घ्या: एकेक गांध तशीही बहुधा चोवीस तासांत आपली आपण विरते. घोंगडी अंगावर घासणं आणि कढत पाण्याची अंघोळ मात्र नकोच. दोन्हींनी खाज चेतते.

डॉक्टरांना आपण काय खाल्लं ते कोळंबीपासून शेंगदाण्यापर्यंत सांगतो, आणि कंबर दुखली म्हणून घेतलेली गोळी विसरतो. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी पित्त उठतं किंवा वाढतं. लहान मुलांत तर बऱ्याचदा साधा व्हायरल ताप हेच कारण असतं.

सहा आठवड्यांहून जास्त काळ पित्त उठत असेल, तर खाण्याची ॲलर्जी क्वचितच कारण निघते. तरी लोक हजारो रुपयांच्या चाचण्या करतात आणि अहवाल पाहून वांगं, दही, डाळ सोडून बसतात. चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे पित्त त्यानेच उठतं असं नव्हे.

जीभ सुजली, आवाज बसला, श्वास लागला, चक्कर आली, तर गोळीचा परिणाम बघत घरी थांबू नका. तिथे ॲड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं. थेट रुग्णालय गाठा.

आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत अंग स्वच्छ झालेलं असतं, म्हणून आधीच फोटो काढा. एका गांधीभोवती पेनाने हलकं वर्तुळ काढून वेळ लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी ती तिथेच असेल, दुखत असेल किंवा जाताना काळानिळा डाग ठेवत असेल, तर ते नेहमीचं पित्त नसू शकतं. त्वचारोगतज्ज्ञ कदाचित बायोप्सी, म्हणजे त्वचेचा बारीक तुकडा काढून तपासणी, करायला सांगतील.