ब्रेकमधली हवा काढताना पंपाने मला फसवलं

ब्रेकचं पेडल स्पंजासारखं दबायला लागलं, म्हणून हौसेने हातपंप आणला, व्हॅक्यूमवाला. नळीत बुडबुडे थांबेचनात! बऱ्याच वेळाने डोक्यात प्रकाश पडला: सैल केलेल्या निपलच्या (चाकाजवळ ब्रेकवर असलेला, हवा काढायचा छोटा पोकळ स्क्रू) आट्यांतून पंपच बाहेरची हवा ओढत होता.

मग पंप बाजूला. पारदर्शक नळी, तिचं टोक बुडेल इतकं ब्रेक ऑइल घातलेली बाटली आणि पेडलवर बायको. तिने दाबून धरायचं, मी निपल उघडून बंद करायचा, मगच तिने पाय उचलायचा. (दोनदा घाई झाली, दोनदा बोलणी खाल्ली.) पाना मात्र सहाकोनी रिंगचाच, उघड्या तोंडाच्या पान्याने एका निपलचे कोपरे मी आधीच झिजवले होते. ब्रेक ऑइलच्या टाकीत सीलबंद डब्यातलं डॉट ४ प्रतीचं ऑइल ओतत राहिलो, टाकीच्या झाकणावर तेच लिहिलं होतं. चौथ्या चाकानंतर पेडल टणक.